मोहाच्या हंगामातली तपासणी

सोमवार, १७ मार्च २०२५

रंगाच्या कंपनीने दिलेली ही डायरी मागच्या साली कोरीच राहिली. छापलेल्या तारखा पट्टी धरून खोडतो आहे आणि खऱ्या तारखा वर लिहितो आहे. खाडाखोड मला आवडत नाही. पण आज जे झाले ते मी बायकोला, नूतनला नीट सांगू शकलो नाही, मायला तर सांगितलेच नाही. कुठेतरी सांगायला हवे.

आज शाळेत मुलांची तपासणी झाली. फळा मीच रंगवला होता: 'बाल मानसिक आरोग्य तपासणी शिबिर'. शिबिर या शब्दातले दोन्ही इकार ऱ्हस्व आहेत, ते मी कोशात पाहून घेतले होते. मी बारावीत दोनदा राहिलो, पण मी लिहिलेल्या फळ्यावर चूक सापडत नाही. तालुक्यात सगळे फ्लेक्सवर गेले तरी शाळा अजून मलाच बोलावते ती त्यामुळे.

गोंदियाहून डॉ. हिमांशू आले होते. वयाने माझ्याएवढेच असतील. रीता मॅडम दुसरीला शिकवतात, त्या एकेका मुलाला पालकासोबत आत पाठवत होत्या. माझ्या लेकीची, ओमेश्वरीची वेळ आली तेव्हा माझ्या हाताचा निळा रंग अजून निघाला नव्हता. मी हात मागे धरून बसलो.

वर्गात लक्ष असते का, डॉक्टरांनी विचारले. मॅडम म्हणाल्या, नसते. मधेच हरवते. उत्तर सोडा, प्रश्न कोणता होता तेही तिला माहीत नसते. वस्तू विसरते का? विसरते, मी म्हणालो. सांगितलेले काम अर्धे टाकते का? टाकते. सकाळी किती वाजता उठते?

"चारच्या आधी, सर." हे सांगताना मला जरा बरे वाटले, कारण तेवढे एकच उत्तर चांगले होते.

"व्हेरी गुड," डॉक्टर म्हणाले, "ये आदत छोडना मत." आणि त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

दुसरीच्या निम्म्याहून जास्त मुलांना लक्ष न टिकण्याचा विकार निघाला. तिसरीतही तसेच. ओमेश्वरी त्यात आहे. मुन्नालालचा गुड्डूही आहे. मुन्नालाल आमच्या गल्लीतला, ट्रॅक्टर चालवतो, कशावरही बोलतो. व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणाला, "चला, माह्या पोराचा कशात तरी नंबर लागला."

सगळे हसले. मी हसलो नाही. ओमेश्वरीच्या चिठ्ठीवर 'मानसोपचार' हा शब्द होता आणि तो बरोबर लिहिलेला होता.

बुधवार, १९ मार्च

पहाटे मोहावर गेलो. या दिवसांत गावात अंथरुणात कोणी राहत नाही. फुले पहाटे गळतात आणि उजाडल्यावर गुरे-शेळ्या ती खाऊन टाकतात, म्हणून अंधार असतानाच झाडाखाली पोचावे लागते. आमची दोन झाडे रेल्वे लाइनीच्या पलीकडे आहेत. मुलांची बोटे बारीक, ती मोठ्या माणसांपेक्षा भराभर वेचतात. नूतन, माय, मी, ओमी, आणि शेजारच्या झाडाखाली मुन्नालालच्या घरचे.

आज मी ओमीवर नजर ठेवली. वेचता वेचता तिचा हात टोपलीवर थांबला. मुठीत फुले, डोळे उघडे, पापण्या बारीक लवत होत्या, जसा पंख्याचा वारा लागल्यावर दिवा लवतो. मी तेवढ्यात उठून पलीकडच्या फांदीखाली गेलो. मग तिने फुले टोपलीत टाकली आणि इकडेतिकडे पाहिले.

"बाबूजी, तुमी एकदम तिकडे कसे गेले?"

"चालत गेलो."

"नाई. तुमी इथं होते, मंग तिथं होते."

मी तिला रागावलो. खोटे बोलू नकोस म्हणालो. ती रडली नाही, परत वेचायला लागली, पण माझ्याकडे पाहत राहिली, जणू मीच तिला फसवतो आहे. हेही त्या आजारातच येत असेल. असे बोलणे मी पूर्वी ऐकलेले नाही.

सोमवार, २४ मार्च

गोंदियाला जाऊन आलो. डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायला जागा नव्हती. एवढी मुले. चकाचक बूट घातलेली शहरातली मुले, आमच्यासारखी खेड्यावरची मुले, सगळ्यांच्या आया सगळ्यांकडे चोरून पाहत होत्या.

मी डॉक्टरांना विचारले, एवढ्या मुलांना एकदम कसे झाले? आमच्या वेळी तर नव्हते.

"आपके टाइम में भी था," ते म्हणाले. "तेव्हा मास्तर मारायचे आणि पोरगं शाळा सोडायचं. आता आपण ओळखतो, इतकंच."

हे मला पटले आणि त्यामुळेच भीती वाटली. मग त्यांनी विचारले, घरात कोणाला असा काही त्रास होता का, वडिलांकडे, आईकडे.

मी नाही म्हणालो.

चैतराम काकाचे नाव आमच्या घरात काढत नाहीत. तो माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. मी त्याला पाहिलेले नाही. गावात त्याला येडा चैतराम म्हणत. सोळा-सतराचा असताना तो शेतातल्या बोडीत, छोट्या तळ्यात बुडाला. कोणी म्हणतात घसरला, कोणी म्हणतात येडेपणात उडी घेतली. बोडीचे पाणी तेव्हा छातीएवढे होते म्हणतात. त्याचा एक फोटो आहे, शाळेतला, त्यात डोळे ओमीचे आहेत. हे अजून कोणी बोललेले नाही. मी फोटो पेटीच्या तळाला ठेवला आहे.

लक्ष लागण्याच्या गोळ्या दिल्या आहेत. सकाळी एक.

शनिवार, २९ मार्च

ओमी जेवत नाही. गोळीने भूक कमी होते हे डॉक्टरांनी सांगितले होते, पण सांगितलेले ऐकणे वेगळे आणि भरलेले ताट परत जाताना पाहणे वेगळे. नूतन तिच्या मागे घास घेऊन फिरते.

शाळेत मुलांनी आपले दोन गट पाडले आहेत, गोळीवाले आणि बिनगोळीवाले. कबड्डीही तशीच खेळतात. गुड्डू गोळीवाल्यांचा कप्तान आहे. रीता मॅडम म्हणाल्या, गृहपाठ का नाही केला असे एकाला विचारले तर तो म्हणाला, "मॅडम, मले विकार हाय ना."

आज ओमी माझ्याजवळ येऊन बसली. मी पाटीवर अक्षरांच्या रेघा आखत होतो.

"बाबूजी, माह्या डोक्यात काय बिघडलं?"

मी म्हणालो काही नाही. तिने विचारले, मग गोळी कायले? मी तिच्या हातात ब्रश दिला आणि रेघ भरायला सांगितली. तिने ओळीत अक्षरे भरली, एकही रेघ सुटली नाही. रेघेच्या आत राहून. मग लक्ष नाही म्हणजे काय?

गुरुवार, ३ एप्रिल

आज नूतनशी वाद झाला. ती म्हणाली, "तुमी पोरीकडे असे पाहून राहता, जसं मांजर दुधाकडं. तिले घास गिळता येऊन नाई राहिला."

मी म्हणालो, पाहिले नाही तर कळणार कसे.

"काय कळून राहिलं तुमाले पाहून?"

खरे तर तेच. मला काही कळत नाही. ती बोलता बोलता थांबते, पाणी पिता पिता थांबते, पेला हातात वाकडा होतो, पाणी सांडते. मग पुन्हा तिथूनच सुरू. कधी ओठ चाटते. तेवढ्यात हाक मारली तर ओ देत नाही, आणि नंतर म्हणते हाक आलीच नाही. मला भीती अशी वाटते की एक दिवस ती थांबेल आणि परत सुरूच होणार नाही. रस्त्यावर, बोडीवर. कालचा एक फळा पुसून पुन्हा लिहिला.

मायला मी आजाराचे नाव सांगितले. ती उठून अंगणातला वाळत घातलेला मोह खालीवर करत बसली. तो तिने नुकताच खालीवर केला होता.

शनिवार, १२ एप्रिल

आज शाळेत पालकांची सभा झाली. एवढी मोठी गोष्ट झाली आणि मला आनंद कसा होत नाही हे समजत नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

डॉ. हिमांशू स्वतः आले होते. किती मुलांना फरक पडला ते त्यांना विचारायचे होते. बहुतेक पालक म्हणाले फरक नाही, भूक मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, मुलांची दिनचर्या सांगा. कोणीतरी सांगू लागले, पहाटे मोहावर, तिथून आंघोळ, तिथून शाळा.

"म्हणजे मुलेही जातात?" डॉक्टरांनी विचारले. "रोज?"

"तर कोण जाईल?" मुन्नालाल उभा राहिला. "डॉक्टरसाब, तुमी मोहाच्या हंगामात तपासले, तर पोरं पेंगत निघाले. आंब्याच्या हंगामात या, समदे चिकट निघतीन. त्याचीबी गोळी आणजा."

सगळी शाळा हसली. रीता मॅडमसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते म्हणाले, "पण मी प्रत्येकाला विचारलं होतं. सगळे म्हणाले लवकर उठतं."

"उठतेच ना लवकर. खोटं थोडंच सांगितलं?"

आणि ते खरे होते. आम्ही सगळ्यांनी ते छाती पुढे काढून सांगितले होते. मीही. त्यांनी विचारले नाही कशासाठी, आणि आम्हाला वाटले नाही की हे सांगण्यासारखे काही आहे. मोहावर जाणे म्हणजे काय, ते श्वास घेण्यासारखे.

डॉक्टर म्हणाले, चूक माझी. गोळ्या बंद करा, हंगाम संपेपर्यंत शाळेच्या मुलांना घरी झोपू द्या. टाळ्या पडल्या. गोळीवाले आणि बिनगोळीवाले एकत्र मैदानात पळाले.

मी जीपपर्यंत त्यांच्यामागे गेलो. म्हणालो, सर, माझ्या मुलीचे जरा वेगळे आहे. ती थांबते. ते जीपमध्ये बसता बसता थकल्यासारखे हसले. "झोप पूर्ण होऊ द्या, दुर्गेशजी. सब ठीक हो जायेगा. मीच तुम्हा सगळ्यांना घाबरवून ठेवलं."

आधी सगळ्या मुलांना आजार होता. आता कोणालाच नाही. ओमी दोन्ही वेळा सगळ्यांत होती.

शुक्रवार, १८ एप्रिल

सभेपासून ओमीला मोहावर नेलेले नाही. माय तिच्याजवळ घरी थांबते. पोरगी उन्हे अंगणात येईपर्यंत झोपते. भूक परत आली. गुड्डू तर वर्गात पहिल्यांदा पाढे म्हणाला, मॅडमनी त्याला खडू बक्षीस दिला.

ओमी आज भाकरीचा तुकडा ओठांपर्यंत नेऊन थांबली. काल दोनदा. झोपून उठल्यावर, ताजीतवानी असताना.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, महिनाभर वेळ द्या. मी म्हणालो, पापण्या लवतात, सर. म्हणाले, तुम्ही तिच्याकडे फार लक्ष देता, मुलांना ते जाणवते. आवाजात राग नव्हता. मला वाटते त्यांना आता आमच्या गावातल्या कोणत्याही मुलाला आजार म्हणायची भीती वाटते.

पारावर मुन्नालाल म्हणाला, "दुर्गेशले बीमारी पाहिजेच. आमच्या पोरांच्या गेल्या, याची जाऊनच नाई राहिली. अगा, उरलेल्या गोळ्या तूच खा." मी हसून घेतले. घरी आल्यावर नूतनही म्हणाली, "लोकं बरोबर बोलून राहिले. झाडाखाली शेवटचा मोह पडून राहिला. सोमवारी पोरीले नेऊ, तिलेबी करमून नाई राहिलं."

मी हो म्हणालो. कदाचित सगळे माझ्याच डोक्यात असेल. चैतराम काकाचे रक्त माझ्यातही आहेच.

सोमवार, २१ एप्रिल

आज अक्षर वाईट येईल.

पहाटे निघालो. लाइन ओलांडायची तिथे फाटक नाही, पायवाट आहे. नूतन टोपले घेऊन पुढे पोचली होती. मग ओमी, मग ती जाते म्हणून हट्टाने आलेला गुड्डू, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे माय आणि मुन्नालालच्या घरचे. गुड्डू अर्धा झोपेतच चालत होता, डोळे मिटून. ओमी बोलत होती. म्हणत होती की आज मोठी टोपली

आणि रुळांच्या मधे थांबली.

गुड्डू तिच्यावर आपटला आणि तोही तिथेच उभा राहिला, पेंगत. वळणावर उजेड दिसला. गाडी लांब होती. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगतो आहे, लांब होती. मी ओरडलो. दोघांची नावे घेऊन ओरडलो. गुड्डू दचकला, मागे पाहिले, एका उडीत पलीकडे गेला. ओमी उभीच. नूतन समोरून ओरडली. मुन्नालालने मागून शिवी घातली. ओमी पेंगत नव्हती. पाय ताठ, डोळे उघडे, बोटे फ्रॉकची कड चिमटत होती. एक हाक नाही, तीन माणसांच्या हाका होत्या. तिला एकही पोचली नाही.

मी तिला उचलून पलीकडे नेले. पायांना माती लागली की लगेच तिने बोलणे पूर्ण केले. "मी घेईन." मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिले. "बाबूजी, रूळ कुठं गेले?"

गाडी बऱ्याच वेळाने गेली. आम्ही सगळे तिचे डबे संपेपर्यंत उभे होतो. मोह कोणी वेचला नाही. नूतन चिखल न लागलेले पाय गवतावर पुसत होती, पुन्हा पुन्हा.

नुसती पेंग असती तर गुड्डूसारखी वळली असती. एवढे मला आज कळले. एवढेच कळायला असे व्हावे लागले.

मंगळवार, २२ एप्रिल

फोन केला नाही. ओमीला घेऊन सरळ गोंदियाला गेलो. माय म्हणाली मीबी येतो. ती कधी दवाखान्यात येत नाही.

डॉक्टरांनी मला पाहिले आणि मी आता काय बोलणार हे माहीत असल्यासारखे खुर्ची दाखवली. मी लाइनीवरचे सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले. मग म्हणाले, पुन्हा सांगा, आजार सांगू नका, फक्त डोळ्यांनी पाहिले ते सांगा. मी सांगितले. गुड्डू वळला हे सांगितले तेव्हा ते उठून उभे राहिले.

त्यांनी कागदाची एक लांब पट्टी फाडली आणि ओमीच्या तोंडासमोर धरली. "बेटा, ही खाली येऊ द्यायची नाही. फुंकत राहा. जोरात, थांबायचं नाही." ओमीला खेळ वाटला. ती फुंकू लागली, पट्टी उडत राहिली. पंखा बंद केला होता. फुंकण्याचा आवाज, दुसरे काही नाही. तिचे गाल लाल झाले. मला म्हणायचे होते, पुरे, दमली ती.

पट्टी खाली आली. सरळ लोंबली.

ओमी समोर पाहत होती. पापण्या लवत होत्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ओमेश्वरी, आंबा. आंबा लक्षात ठेव." तिच्या हातावर हात ठेवला. मग तिने एक श्वास घेतला आणि पुन्हा फुंकू लागली.

"मी कोणता शब्द सांगितला?"

"कदी?" ओमी म्हणाली.

डॉक्टर खुर्चीत बसले. म्हणाले, हा लक्षाचा आजार नाही. मेंदूतला छोटा झटका आहे, मिरगीचा, फेफऱ्याचा एक प्रकार. तेवढ्या वेळापुरती ती इथे नसते. म्हणूनच तिला माणसे उड्या मारल्यासारखी दिसतात. खोटे बोलत नव्हती.

मी त्या दिवशी झाडाखाली तिला रागावलो होतो.

मग माय बोलली. कोपऱ्यातल्या बाकावरून, डॉक्टरांकडे न पाहता. "चैतराम असाच थांबे. घास हातात घेऊन. मी नवी नवरी होतो, मले वाटे देवर मस्करी करून राहिला. सासरा मारे त्याले. बोडीवर बैल धुवाले गेला, तिथंबी थांबला असंन."

माय पुढे म्हणाली, "त्यानं उडी नाई घेतली गा. कोणी ऐकतच नव्हतं तं मी कोणाले सांगू."

डॉक्टर म्हणाले, मेंदूची तपासणी करून खात्री करू, पण गोळी आजपासून. बहुतेक मुलांचे मोठेपणी थांबते. तोवर पाणी, आग, लाइन, झाड, इथे एकटी नको. बाकी सगळे करू द्या. दारापर्यंत आले. म्हणाले, "शिबिरात मी एका मुलाला दोन-तीन मिनिटं दिली. मग तुम्ही सगळे हसलात तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो. तुम्ही फोन केलात तेव्हाही मी सुटायलाच बघत होतो." पुढे म्हणाले की मे महिन्यात येईन, एकेका मुलाला बसून पाहीन, घरच्यांसोबत, घाई न करता. कोणाला खरेच लक्षाचा त्रास असेल तर तोही बाजूला पडायला नको. फळा रंगवू नका, म्हणाले.

शनिवार, २६ एप्रिल

ईईजी झाला. ओमीच्या डोक्याला तारा लावल्या तेव्हा ती हसत होती. कागदावरच्या रेघा एका जागी उंच उंच झाल्या आणि पुन्हा सपाट. तोच आजार आहे.

नूतन म्हणते गावात सांगायचे नाही. "मिरगी म्हणलं का संपलं. उद्या लग्नाच्या वेळी कोणी तरी चप्पल हुंगवाले धावंन." तिचे चूक नाही. मला तो शब्द कागदावर लिहितानाही भीती वाटते. पण न सांगता ती शाळेच्या विहिरीशी जाईल आणि कोणाला माहीत नसेल. चैतराम काकाचे न सांगूनच झाले.

दोन्ही भीती तोलून पाहिल्या. सारख्याच जड आहेत.

गुरुवार, १ मे

झेंडावंदन आणि निकाल होता. सगळे पालक होते. मी आधी रीता मॅडमना सांगितले, मग मुन्नालालला, कारण त्याला सांगितले म्हणजे गावाला सांगितले. लाइनीवर तो होता. त्याने थट्टा केली नाही. कागदाच्या पट्टीचे मात्र पुन्हा पुन्हा विचारले. केवढी लांब होती, किती वेळ फुंकायला लावले. मला वाटले त्याला डॉक्टरची युक्ती आवडली.

नूतन माझ्याशी बोलत नाही. ओमी पास झाली.

शनिवार, ३ मे

संध्याकाळी मुन्नालालच्या घरावरून जात होतो. अंगणात गुड्डूला पाटावर बसवले होते. समोर वहीच्या कागदाची पट्टी दोऱ्याने बांधून लोंबवली होती. तो फुंकत होता. आई, बाप, आजी, आत्या, सगळे त्याच्या डोळ्यांकडे वाकून पाहत होते. "जोरानं," मुन्नालाल म्हणत होता, "थांबू नोको." मी येताना आणखी दोन घरांत तसेच फुंकण्याचे आवाज ऐकले होते आणि मुले खेळतात असे समजून पुढे आलो होतो.

गुड्डूचे ओठ पांढरे पडले होते. तो डुलला. आत्या ओरडली, "पाहा, पाहा, डोळे फिरले." तो फुंकायचा थांबला आणि रडायला लागला. म्हणाला, चक्कर येते. मुन्नालालचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. माझा आरशात असाच दिसत असेल, मार्चपासून.

मी अंगणात जाऊन पट्टी काढली.

"अगा, पाहू दे ना," मुन्नालाल म्हणाला. "काल भाकर खाता खाता गप बसला होता."

"एवढे फुंकल्यावर कोणालाही चक्कर येते. डॉक्टर येणार आहेत. त्यांना पाहू दे."

"अन् तोवर?"

मी डॉक्टर नाही. गुड्डूने नाक पुसले आणि मला विचारले, "काका, मलेबी हाय का?"

मी त्याला म्हणालो, जा, दाराकडे जा, बाहेर पाहा. तो गेला. पाठमोरा उभा राहिला. मी फार हळू आवाजात, जवळपास ओठांतच, त्याचे नाव घेतले.

तो वळला.

मुन्नालाल पाटावर बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकले. गुड्डूला वाटले आपण काही चुकलो. तो तिथेच दारात उभा राहिला, पुढे काय करायचे ते कोणीतरी सांगेल म्हणून वाट पाहत. मी म्हणालो, खेळायला जा. ओमी पारापाशी आहे. तिच्याबरोबर राहा, पण तिच्याकडे पाहत बसू नकोस.